खाऱ्या हवेत आणि घाटात छोटं टर्बो इंजिन टिकवायचं तर

एक लिटरचं, तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आज १०० ते १२० पीएस ताकद देतं. ही ताकद ज्याच्या जोरावर येते तो टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, मुठीएवढा असतो. तो मिनिटाला लाख-दीड लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल खराब झालं किंवा कमी पडलं की आधी हा थर तुटतो. त्यामुळे पहिलं लक्ष तेलाकडे.

कंपनीच्या पुस्तकात तेलबदलीची मुदत बहुधा १०,००० किंवा १५,००० किलोमीटर, नाहीतर एक वर्ष अशी असते. त्याच पुस्तकात मागे कुठेतरी ‘कठीण वापर’ असं सदर असतं. धुळीचे रस्ते, डोंगराळ भाग, जवळच्या जवळच्या फेऱ्या, हे सगळं त्यात येतं आणि मुदत कमी होते. ते पान सहसा कोणी उघडत नाही. दापोलीची किंवा देवगडची गाडी मात्र नेमकी त्याच सदरात बसते. इथे ७,५०० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते धरा. गाडी फक्त बाजारापुरतीच फिरत असेल तर सहा महिन्यांनी.

तेलाच्या जाडीचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, बहुतेकदा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. ‘घाटातली गाडी आहे, जाड तेल घालूया’ असं गॅरेजवाला म्हणाला तर ऐकू नका. सकाळी स्टार्टर मारल्यावर जाड तेल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज त्याच काही सेकंदांत होते. डब्यावर ‘एपीआय एसपी’ हा २०२० पासूनचा दर्जा पाहा. स्कोडा-फोक्सवॅगनच्या गाड्यांना त्यांचा स्वतःचा मंजुरी क्रमांकही डब्यामागे असायला हवा.

डिपस्टिक दर हजार किलोमीटरला पाहा. गाडी सपाट जागी लावा (चिऱ्यांच्या चढणीवर उभ्या गाडीचं माप खोटं येतं), गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा बुडवा. पातळी खाली गेली तर कळतंच. वर गेलेली असेल तर मात्र अनेकजण खूश होतात, आणि तीच जास्त काळजीची गोष्ट. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना त्यातलं थोडं भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांपलीकडे उतरून तेलात मिसळतं. घर ते बंदर तीन किलोमीटर आणि परत, एवढ्यात तेल तापतच नाही, मग ते पेट्रोल उडून जायचं कसं? पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर तेल लगेच बदला. एरवी आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा.

घाटात सगळ्यात मोठी चूक पेट्रोल वाचवण्याच्या नादात होते. आंबा घाट किंवा कुंभार्ली चढताना गाडी चौथ्या गिअरात, इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला १,४००, आणि पाय पूर्ण दाबलेला. टर्बो भरपूर हवा कोंबतो, पण पिस्टन सावकाश हलत असतो. अशा वेळी तेलाचा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. असं एकदाच जोरात झालं तरी पिस्टनवरची रिंगेची खाच तडकू शकते. म्हणून गिअर खाली घ्या, फेऱ्या २,००० ते ३,००० च्या दरम्यान ठेवा आणि पाय हलका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड.

माथ्यावर पोचल्यावर वडापावच्या टपरीसमोर गाडी थांबवून लगेच चावी फिरवू नका. शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश या किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवा. नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि तेलाची बारीक नळी हळूहळू बुजते. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कूलंट फिरवणारा विजेचा पंप असतो, तरी सवय वाईट नाही. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारं ऑटो स्टार्ट-स्टॉप घाटात बंदच ठेवा.

तांबडा धुरळा फिल्टरला बघता बघता भरतो. दर ५,००० किलोमीटरला एअर फिल्टरचा डबा उघडा आणि झाकणाची रबरी कड नीट बसते ना ते पाहा. फटीतून आत शिरलेली जांभ्याची धूळ टर्बोच्या हवेकडच्या पात्यांना घासत राहते. इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) पुढे खाली असेल तर पावसाळ्यानंतर त्याच्या जाळीतला चिखल मागच्या बाजूने हलक्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पत्रे वाकतात. स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.० टीएसआय इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्याच्या) आत, पाण्याने थंड होणारा असतो, तिथे पुढचे रेडिएटर स्वच्छ ठेवा. कूलंट मात्र कधीच विहिरीच्या पाण्याने वाढवू नका. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी खारट असतं आणि ॲल्युमिनियम आतून खातं.

खारी हवा वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या) दांड्यावर गंज चढवते. दांडा अडकला की ताकद अचानक पडते, चेक इंजिन दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०२९९ हा कमी दाबाचा कोड येतो. असा कोड दिसला म्हणून टर्बोच बदलायला निघू नका. आधी होजचे क्लॅम्प, चिरलेले पाइप आणि हा दांडा तपासून घ्या. उंदरांनी कुरतडलेली वायर हेही इथलं नेहमीचं कारण.

चेक इंजिन दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे हाकू नका. बहुतेकदा एखादी कॉइल किंवा प्लग मिसफायर करत असतो, म्हणजे ठिणगी चुकवत असतो, आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवतं.

गणपतीनंतर महिनोन्‌महिने गावी उभी राहणारी चाकरमान्याची गाडी शेजाऱ्याकडून रोज पाच मिनिटं चालू करून घेणं, हे बरं नव्हे, वाईटच. आत फक्त ओल आणि पेट्रोल साचतं. वीस किलोमीटर फिरवून आणणार असाल तर चालू करा, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा. इथेनॉल ओल शोषतं, म्हणून टाकी भरलेली असू द्या.

पुराचं पाणी (चिपळूणला २०२१ च्या जुलैत ते किती चढलं हे सगळ्यांनी पाहिलं) बंपरच्या वर गेलं असेल तर स्टार्टर मारायचा नाही. गाडी ओढून न्या. मेकॅनिकने फिल्टर, प्लग आणि तेल तर पाहावंच, पण इंटरकूलर उतरवून रिकामा करायला सांगा. तो पुढे खाली असेल तर त्यात पाणी साचून राहतं आणि पहिल्याच जोरात ते सिलिंडरमध्ये ओढलं जातं.

टर्बो खरंच बदलावा लागला तर जुना कशामुळे गेला ते आधी शोधा. तेल देणारी नळी नवीनच घाला, तेल आणि फिल्टर बदला, बसवताना टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ तेल ओता. इंधन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून नुसता स्टार्टर मारा. मग पाच मिनिटं नुसतं आयडलवर, रेस न देता.