गंजलेली हेराल्ड, नवी चासी

वडिलांची मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेराल्ड गाडी होती, म्हणून इथे ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्रीत तिचीच ब्रिटिश बहीण, १९६७ ची ट्रायम्फ हेराल्ड, दिसली तेव्हा राहवलं नाही. ती मूळची याच गावची. वरचा पत्रा बरा होता, पण चासीचे (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचे) बाजूचे हात बोटाने दाबले तर भुगा पडायचा. हेराल्डची बॉडी वेगळ्या चासीवर नट-बोल्टने बसते, म्हणून चौकोनी पाइपांची नवी किट-कार चासी (सुट्या भागांतून घरी गाडी जोडणाऱ्यांसाठी बनवलेली) घेतली.

चूक इथेच झाली. दारांच्या चौकटीला आडवे पाइप वेल्ड न करताच बॉडी उचलली. नवीन चासीवर ठेवली तर डावं दार मागच्या कडेला घासायला लागलं. बिजागऱ्या हलवण्यात दोन रविवार गेले. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावला, तेव्हा कळलं: दोन कर्णांत ९ मिलिमीटरचा फरक, चौकटच पिळली होती. सगळे बोल्ट सैल केले, जॅकने हळूहळू चौकट सरळ केली, मग २५ मिलिमीटरचा पाइप आडवा वेल्ड केला आणि बॉडी-चासीमधल्या रबरी पॅडखाली पातळ पट्ट्या सरकवल्या. दार एका बोटाने लागलं! त्या आवाजाने वडीलच आठवले.

नंतर दिवे मंद. बॉडी रबरावर बसलेली, अर्थिंग (वीज परत जायची वाट) मिळणार कुठून? रंग खरवडून बॉडी ते चासी जाड तांब्याची वेणी जोडली, काम झालं.

आणि ब्रिटनमध्ये चासी बदलली की गाडीचा जुना नोंदणी नंबर टिकेलच असं नाही. कापाकापीआधी नोंदणीचे नियम वाचा.