गीझर कधी गळतो, हे आधी विचारा

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन गीझरच्या कामाला लागलेल्या नव्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हे सांगतो की बॅग उघडण्याआधी घरच्यांशी बोला. "गीझर गळतोय" एवढंच ते सांगतात. तुम्ही विचारा, "काकू, पाणी दिवसभर टपकतं, की गीझर लावल्यावरच येतं? की नळ सोडला की भिंत ओली होते?" पाणी कुठून येतंय हे शोधायला नंतर अर्धा तास लागतो, पण ते कधी येतंय हे घरातल्या माणसाला आधीच माहीत असतं.

गीझर तापत असतानाच टपकत असेल तर बहुतेक वेळा ती गळती नसतेच. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या टाकीतलं पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं, तर साधारण ३५० मिलिलिटर जास्तीचं पाणी तयार होतं. सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा पडदा असतो, त्यामुळे ते मागे पाइपात जाऊ शकत नाही आणि व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय हे ग्राहकाला शांतपणे समजावून सांगा आणि बारीक नळी लावून पाणी खाली सोडा. त्या तोंडाला कोणी बूच मारलं असेल किंवा एम-सील भरलं असेल, तर दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी मेन बंद करा आणि तो व्हॉल्व्ह बदला. ठरल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला, त्याच्या मागे सुरक्षेसाठी असलेला कटआउटही चालला नाही आणि व्हॉल्व्हही बंद असला, तर टाकी फुटू शकते. या बाबतीत ग्राहक कितीही नको म्हणाला तरी मी ऐकत नाही.

गार असतानाही व्हॉल्व्ह टपकत असेल तर मात्र दोन शक्यता आहेत. एक म्हणजे आतल्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तिथे, क्षार बसलाय. दुसरी म्हणजे लाइनचा दाब जास्त आहे. उंचीवरची टाकी दर १० मीटरला साधारण १ बार दाब देते आणि घरगुती गीझर सहसा ८ बार दाबासाठी बनवलेले असतात. म्हणजे पाच-सहा मजली इमारतीत नुसत्या गच्चीवरच्या टाकीने व्हॉल्व्ह उघडायला नको. प्रेशर पंप बसवलाय का, ते बघा.

फक्त नळ सोडल्यावर भिंत ओली होत असेल, तर गीझर खोलूच नका. गीझरची टाकी आणि नळापर्यंतचा पाइप सतत दाबाखाली असतो. तिथे भोक असेल तर ते रात्रंदिवस गळेल. नळ सोडल्यावरच ओल येते, म्हणजे दोष नळाच्या पुढे, शॉवरकडे जाणाऱ्या भिंतीतल्या पाइपात आहे.

उरलं सतत टपकणं. आधी एमसीबी (बोर्डावरचा सर्किट ब्रेकर) पाडा, मग टेस्टरने खात्री करा. स्विच बंद असला तरी न्यूट्रल-फेज उलटे जोडलेले असू शकतात आणि आत वीज राहते, म्हणून नुसत्या स्विचवर विश्वास ठेवू नका. सगळं फडक्याने कोरडं करा आणि टिश्यू पेपर एकेका जोडाला लावत वरून खाली या. कनेक्शन पाइपचे वॉशर उष्णतेने कडक होऊन चिरतात, ते आधी तपासा. मग खालचं झाकण काढा. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, ज्या चकतीवर बसते त्या फ्लँजच्या कडेने पाणी येत असेल तर गॅस्केट (मधली रबरी चकती) गेलंय, आणि ते बदलता येतं. फ्लँज कोरडा आहे, पण बाहेरचा पत्रा आणि फोम यांच्या फटीतून पाणी झिरपतंय, तर टाकीच गेली. थंडीत गार पाणी भरल्यावर पाइपला घाम येतो, तोही गळतीसारखाच दिसतो. गीझर तापला की तो जातो.

आता गंज. पुण्यात कोथरूडला खडकवासल्याचं पाणी येतं, तिथल्या टाक्या वर्षानुवर्षं टिकतात. वाघोलीकडे बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत त्याच मॉडेलचं एलिमेंट पांढऱ्या क्षाराने जाडजूड होऊन निघतं. क्षाराच्या थराखाली एलिमेंट जास्त तापतं, त्याचं आवरण चिरतं, पाणी आत शिरतं आणि ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, पडतो. मल्टिमीटरवर २००० वॅटचं चांगलं एलिमेंट साधारण २६ ओहम दाखवतं. पण आकडा बरोबर आला म्हणून एलिमेंट निर्दोष ठरत नाही. आवरण आणि वायरमधलं इन्शुलेशन मेगरने, म्हणजे इन्शुलेशन तपासायच्या मीटरने, तपासा.

रंग वाचायला शिका. पांढरा म्हणजे क्षार, हिरवा म्हणजे तांबं किंवा पितळ, तांबूस म्हणजे लोखंड. पितळी जोडात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं निपल (छोटा जोडपाइप) घुसवलेलं असेल, तर आधी गंजतं ते जीआय. पाणी लालसर येतंय अशी तक्रार असेल तर दोन पांढऱ्या बादल्या घ्या, एकीत गरम भरा आणि एकीत गार. गारही लाल असेल तर इमारतीचा पाइप किंवा गच्चीवरची टाकी बघायला हवी. फक्त गरमच लाल असेल तर गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड तपासा. टाकीच्या जागी तो झिजतो, त्यासाठीच तो बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यावर वर्षातून एकदा तो काढून बघा. आतली तार दिसायला लागली की बदला. बरेच कारागीर सर्व्हिसिंगच्या नावाखाली फक्त एलिमेंट घासतात आणि रॉडकडे बघतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. वेळेवर बदललेला साधा रॉड त्या कुटुंबाचा नवा गीझर वाचवतो.

रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात उलटं घडतं. खाऱ्या हवेने बाहेरचा पत्रा फुगतो, रंग सुटतो, आणि आतली टाकी मात्र ठणठणीत असते. पत्र्याचा गंज बघून टाकी बाद ठरवू नका.

टाकी खरोखर गेली असेल, तर तसं स्पष्ट सांगा. काचेचा लेप असलेल्या टाकीला वेल्डिंग केलं की आसपासचा लेप जळतो आणि शेजारी नवं भोक पडतं. पैसे घेऊन दोन महिन्यांचा दिलासा विकू नका. त्याआधी वॉरंटी कार्ड मागा, कारण टाकीची वॉरंटी बहुतेक वेळा एलिमेंटपेक्षा जास्त वर्षांची असते आणि ते घरच्यांना ठाऊक नसतं.

आणि शिकायचं असेल तर बाद झालेली टाकी थेट भंगारात देऊ नका, ग्राइंडरने उभी कापा. डोळ्यांवर चष्मा हवाच. फ्लँजच्या कॉलरपाशी, वेल्डिंगच्या रेषेवर आणि पाण्याच्या तोटीच्या सांध्यावर लेप कुठे तडकलाय, तिथून गंज कसा पसरलाय आणि रॉडचं काय उरलंय ते बघा. मग ज्या घरातून ती टाकी आणली तिथलं पाणी बोअरचं होतं की धरणाचं, हे मार्करने पत्र्यावर लिहून ठेवा आणि पुढच्या टाकीशी ताडून बघा.