पायथनमध्ये मराठी प्रिंट करताना एरर येतोय?

विंडोजवर हमखास होणारा प्रकार म्हणजे स्क्रीनवर 'नमस्कार' नीट दिसतो आणि तेच आउटपुट फाईलमध्ये वळवलं की युनिकोडएन्कोडएरर. पायथन ३.६ पासून कन्सोलला थेट युनिकोड जातं, पण फाईल किंवा पाइप (आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामकडे पाठवणं) असला की बऱ्याचदा जुनं कोडपेज (ठरावीक अक्षरांचाच तक्ता) वापरलं जातं, उदा. सीपी१२५२, आणि त्यात देवनागरी नाहीच मुळी!

पायथन सुरू करायच्या आधी पायथनयूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सलग, सगळं कॅपिटल) १ करा, ३.७ पासून चालतं. कोडमधूनच करायचं तर सिस मॉड्यूलमधल्या एसटीडीआउटवर (प्रोग्रामचं आउटपुट जिथून बाहेर जातं ते) रीकॉन्फिगर बोलवून एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या.

त्याऐवजी रीकॉन्फिगरच्या एरर्स या पर्यायाला 'रिप्लेस' मात्र देऊ नका, प्रोग्राम पडत नाही खरा पण 'नमस्कार'च्या जागी सात प्रश्नचिन्हं येतात (दिसायला अक्षरं चारच, पण हलंत आणि काना वेगळे मोजतात). नुसते चौकोन दिसले तर बहुतेक फॉन्टची भानगड.