मिनिमम गॅरंटी नावाची उसनवारी

सरकारी कॉलेजात शिकलेल्या आपल्यासारख्यांना न वाचता सही करायची सवयच लागलेली असते. शिकून झाल्यावर सरकारी सेवा केली नाही तर पैसे भरीन, असं लिहून देणारा एमबीबीएसचा 10 लाखांचा बाँड, मग पीजीचा 50 लाखांचा. दोन्ही वेळा आपली चौकशी एवढीच, की स्टॅम्पपेपर कुठे मिळतो. वाचून करणार काय? त्यातला एक शब्द बदलता येत नाही. एमडी मेडिसिन आणि त्यानंतरचं बाँडचं वर्ष संपवून मी पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात कन्सल्टंट म्हणून गेले, तेव्हा एचआरच्या बाईंनी 11 पानं पुढे केली. मागवलेला चहा यायच्या आत माझ्या सगळ्या सह्या झाल्या होत्या. त्या सह्यांनी मला जवळपास दोन वर्षं छळलं, आणि आजही कुणी 'एमजी किती मिळाला?' असं विचारलं की पोटात खड्डा पडतो.

एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी, काम कमी झालं तरी हॉस्पिटल दरमहा देईल ती किमान रक्कम, हे तुम्हाला माहीत आहेच. मला महिना 1,80,000 देऊ केला होता, 12 महिन्यांसाठी. त्यापुढे फीमधला 75 टक्के हिस्सा. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता: महिन्याला हिस्सा जास्त झाला तर हिस्सा, कमी झाला तर एमजी. दोन्हींतलं जे जास्त ते माझं. करारात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. सातव्या पानावर दोन वाक्यं होती. एक असं, की हिस्सा 'प्रत्यक्ष वसूल झालेल्या निव्वळ फी'वर मोजला जाईल. दुसरं असं, की एमजी आणि हिस्सा यांतला फरक 'पुढील देय रकमेतून समायोजित' केला जाईल. मराठीत सांगायचं तर गॅरंटी वगैरे काही नव्हतं, ती उसनवारी होती.

हे मी आकड्यांनिशी सांगते, कारण नुसतं सांगून मलाही तेव्हा कळलं नसतं. पहिल्या महिन्यात माझ्या नावावर 1,20,000 ची फी लागली. 75 टक्क्यांनी माझा हिस्सा 90,000. पण त्यातले प्रत्यक्ष जमा झाले 40,000, तेही बहुतेक ओपीडीचे रोख. कॅशलेसचं बिल टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, सुटायला दोन-दोन, तीन-तीन महिने लागतात. म्हणजे त्या महिन्याचा माझा हिस्सा भरला 30,000. हॉस्पिटलने दिले 1,80,000. उरलेले 1,50,000 माझ्या खात्यावर नावे पडले. मी मात्र आईला फोन करून पहिल्या पगाराची गोष्ट सांगत होते.

दहाव्या महिन्यापर्यंत माझं काम चांगलं वाढलं. डेंग्यूचा मोसम, वॉर्ड भरलेले, महिन्याची फी 2,80,000 वर गेली. मी मनात 2,10,000 धरले होते. पण 'निव्वळ' या शब्दाची करामत इथे दिसली. विमा कंपनीशी ठरलेले कमी दर, पॅकेजमध्ये फिजिशियनच्या व्हिजिटला आलेला चिमूटभर वाटा, मॅनेजमेंटने कुणा ओळखीच्याला दिलेली सवलत, हे सगळं वजा होऊन उरले 2,20,000. त्याचे 75 टक्के 1,65,000. म्हणजे माझ्या सगळ्यात चांगल्या महिन्यातही माझं कर्ज 15,000 ने वाढलं. सवलत दिली त्यांनी, भरली मी. वर्षअखेरीस अकाउंट्समधल्या एका भल्या माणसाने स्क्रीन वळवून दाखवलं: 6,85,000 येणे, माझ्याकडून. तेराव्या महिन्यापासून एमजी बंद झाला आणि हिश्श्यातून 40 टक्के कापायला सुरुवात झाली. 1,65,000 मधले 66,000 तिकडे, हातात 99,000, त्यातून टीडीएस वेगळाच. पुण्यातलं घरभाडं आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता यांना हे समायोजन समजावून सांगता येत नाही.

यात कुणी मला फसवलं असं मी म्हणू शकत नाही. सगळं लिहिलेलं होतं. राग येतो तो यामुळेच.

आमच्या सरांना सही करण्याआधी मी फोन केला होता. 'एमजी चांगला आहे, करून टाक, बाकीचं नंतर बघू,' असं ते म्हणाले. सरांकडून मी ईसीजी वाचायला शिकले, त्याबद्दल जन्मभर ऋणी आहे. पण सरांचं स्वतःचं नर्सिंग होम 25 वर्षं जुनं, त्यांनी आयुष्यात असा करार कधी हातात धरला नव्हता. माझं मत आता पक्कं झालंय: क्लिनिकल सल्ला ज्येष्ठांचा घ्या, कराराचा सल्ला तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षं पुढे असलेल्याचा, आणि शक्यतो ज्याने नुकतीच नोकरी सोडलीय त्याचा. आत बसलेला माणूस खरं बोलत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सध्या एमजी काय चाललाय' असं विचारून मिळालेले आकडे तर निव्वळ करमणूक. आकडा सगळे सांगतात, सातवं पान कुणीच नाही.

मग मागायचं काय? एमजी परतफेडीचा नाही आणि तूट पुढच्या महिन्यात ओढली जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. तोंडी 'अहो मॅडम, तसं काही आपण करत नाही' चालणार नाही. हिस्सा बिलावर आहे की वसुलीवर, ते विचारा. वसुलीवरच असेल (बहुतेक ठिकाणी असतो) तर मॅनेजमेंटने दिलेली सवलत तुमच्या हिश्श्यातून जाणार नाही एवढं तरी मागा. दर महिन्याला पेशंटनिहाय स्टेटमेंट मागा. माझी खात्री आहे, ते दुसऱ्या महिन्यात हातात असतं तर मी तेव्हाच जागी झाले असते. आणि सोडून गेल्यावर जी बिलं वसूल होतील त्यांतला वाटा किती महिने मिळत राहील, तेही लिहून घ्या.

आता घाबरला असाल तर थांबा. मागितलं म्हणून सहसा ऑफर काढून घेत नाहीत. तुमच्या मुलाखतीत, रजिस्ट्रेशन तपासण्यात, ओपीडीच्या बोर्डावर नाव लावण्यात त्यांचाही वेळ गेलेला असतो. 'हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे यावरच सही करतात,' हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. मलाही आलं. वर्षभराने कॅन्टीनमध्ये कळलं, की माझ्याच महिन्यात लागलेल्या भूलतज्ज्ञाच्या करारात समायोजनाचं वाक्यच नव्हतं. त्याने फक्त विचारलं होतं, 'हे काढता येईल का?' बस्स, एवढंच.

बाकीची कलमं भराभर. 'सोडल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही' हे वाचून झोप उडवू नका. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 धंद्याला आडकाठी घालणारे करार रद्दबातल ठरवतं आणि नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी कोर्टात सहसा टिकत नाही. पण नोकरीत असताना दुसरीकडे बसायचं नाही ही अट टिकते, तिथे हुशारी नको. नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा हवा. माझ्याकडून तीन महिने आणि त्यांच्याकडून एक, असा होता. आणि तुम्ही बहुधा 'कर्मचारी' नसाल, व्यावसायिक असाल. म्हणजे पीएफ नाही, पगारी रजा नाही आणि 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा तर नाहीच. मुलींनो, हे आधी विचारा. लाजून गप्प बसलेल्या माझ्या मैत्रिणीला सातव्या महिन्यात विनावेतन घरी बसावं लागलं.

इन्डेम्निटीच्या विम्यावर, म्हणजे उपचारात चूक झाल्याचा दावा आला तर भरपाई देणाऱ्या विम्यावर, मात्र जरा थांबते. हॉस्पिटलची पॉलिसी आहे म्हणून स्वतःची काढायची नाही, हा आळस आपल्याकडे फार आहे. ती पॉलिसी आधी हॉस्पिटलला वाचवते. ग्राहक आयोगात तक्रार करायला पेशंटला दोन वर्षं असतात, तोवर तुम्ही कुठल्या कुठे गेलेले असता. या पॉलिसी साधारणपणे दावा ज्या मुदतीत येतो त्या मुदतीतल्या लागतात, म्हणून नोकरी बदलताना मधे खंड पडू देऊ नका आणि रेट्रोॲक्टिव्ह तारीख (जिच्यानंतरच्या उपचारांवरचे दावे पॉलिसीत बसतात ती) जुनीच राहील हे बघा.

मी का सोडलं ते पैशांमुळेच, असं सगळ्यांना वाटतं. तसं पूर्ण खरं नाही. दर महिन्याच्या आढाव्यात एक तक्ता यायचा: ओपीडीतून ॲडमिशन किती. त्याला 'कन्व्हर्जन' म्हणायचे, जणू मी गाड्यांच्या शोरूममध्ये बसते. एका संध्याकाळी साध्या व्हर्टिगोच्या, म्हणजे गरगरण्याच्या, आजोबांना घरी पाठवताना माझ्या मनात तो तक्ता आला. आला, एवढंच. पाठवलं मी त्यांना घरी. पण रात्री झोप लागली नाही. हे कलम कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं, त्यामुळे मुलाखतीत तुम्हीच विचारायचं: 'माझं काम तुम्ही कशावर मोजणार?' उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेच उत्तर समजा. आणि रेफरन्सचं 'मार्केटिंग टीम बघते' असं म्हणाला तर चहा पिऊन निघा. पेशंट पाठवल्याबद्दल कट देणंघेणं मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. चौकशी झाली तर रजिस्ट्रेशन तुमचं जाणार, मार्केटिंगवाल्याचं नाही.

राजीनामा दिल्यावर ती थकबाकी एकरकमी मागितली गेली. वकील केला, उशिरा केला. टीपीएकडे अडकलेली माझी बिलं आणि नोटिशीच्या तीन महिन्यांचा बराचसा हिस्सा त्यात वळता झाला आणि मी रिकाम्या हाताने बाहेर पडले. वकिलाने घेतलेली फी सही करण्याआधी दिली असती तर कित्येक पटींनी वसूल झाली असती.

आता मी सांगली जिल्ह्यात विट्याला एका ट्रस्टच्या छोट्या हॉस्पिटलात आहे. ठरलेले 1,40,000 आणि वर ओपीडीचा हिस्सा, बिलावर मोजलेला. सगळं मागितलेलं मिळालं नाही. रात्रीचे कॉल कमी करून मागितले होते, त्यावर ट्रस्टी नुसते हसले. इथले अर्ध्याहून जास्त पेशंट म्हातारे, मुलं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात कुठे कोइमतूरला, कुठे केरळात. आजीची शुगर वाढली की तिकडून फोन येतो, 'डॉक्टरताई, आईला जरा रागवा की.' तीच आजी दर महिन्याला येते, तिचा एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) 11 वरून 7.4 वर आलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. पुण्यात पेशंट डिस्चार्ज झाला की संपलं, तो पुन्हा दिसायचा नाही. मला हे हवं होतं, हे मला 31 व्या वर्षी कळलं. तुम्हाला आयसीयूच हवं असेल तर विट्याला अजिबात येऊ नका, कंटाळाल.

पुढच्या महिन्यात करार नव्याने करायचाय. मसुदा आलाय, आठ पानांचा. काल रात्री दोनदा वाचला. पाचव्या पानावर 'समायोजित' हा शब्द एकदा आलाय, त्याखाली लाल रेघ मारून ठेवलीय.