ग्लिसरीनची सपोझिटरी सुरक्षितपणे कशी वापरावी

चार दिवस पोट साफ झालेलं नाही, शौचाला बसून जोर करूनही काही होत नाही, मळ अगदी दाराशी येऊन अडल्यासारखा वाटतोय. अशा वेळी डॉक्टर बरेचदा ग्लिसरीनची सपोझिटरी सुचवतात. ही तोंडाने घ्यायची गोळी नाही, ती गुदद्वारातून आत ठेवायची असते. ग्लिसरीन आजूबाजूचं पाणी ओढून घेतं, त्यामुळे मळ मऊ आणि बुळबुळीत होतो आणि शौचाची कळही येते. सगळं काम आतड्याच्या शेवटच्या टोकाला होतं. त्रास त्याच्या वर असेल, तर तिचा उपयोग नाही.

म्हणून आधी हे बघा. पोटात जोरात दुखतंय, उलट्या होताहेत, पोट फुगून टणक झालंय, वायूही सरत नाही किंवा शौचावाटे रक्त जातंय, यातलं काहीही असलं तर सपोझिटरी बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. गुदद्वाराचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, मूळव्याध सुजलेली असेल, फिशर म्हणजे गुदद्वाराला चीर पडलेली असेल किंवा केमोथेरपी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. गरोदर बाईनेही आधी विचारावं.

मेडिकलमध्ये मोठ्यांची आणि लहान मुलांची सपोझिटरी वेगवेगळी मिळते, त्यामुळे वय सांगूनच मागा. मोठ्यांची कापून मुलाला देऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नाहीच. मे महिन्यात ठाण्यात कपाटातली सपोझिटरी हाताला लिबलिबीत लागते. ती फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये मात्र नको. आधीच मऊ झाली असेल तर वेष्टनासकट थोडा वेळ गार पाण्याखाली धरा.

वेळही नीट निवडा. पंधरा मिनिटांपासून तासाभरात कधीही कळ येऊ शकते, त्यामुळे सकाळची लोकल पकडायच्या आधी हा उद्योग नको. घरात एकच संडास असेल तर सगळे आपापल्या कामाला बाहेर पडल्यावर करा. ज्याला घाई नसते, त्याला जोरही करावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. हात साबणाने धुवा. दुसऱ्यासाठी करत असाल तर नखं कापलेली हवीत आणि हातमोजा घाला. वेष्टन पूर्ण काढा, त्याचा तुकडाही चिकटून राहायला नको. सपोझिटरी साध्या पाण्यात बुडवून ओली करा. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावू नका, तेलकट थरामुळे ती नीट काम करत नाही. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. मोठा श्वास घेऊन हळू सोडा आणि अंग सैल पडलं की टोकदार बाजू पुढे करून बोटाने हळूच आत सरकवा. मोठ्या माणसाला साधारण एक इंच पुरे. ती मळात रुतू न देता आतड्याच्या भिंतीला टेकेल अशी ठेवा. अडली किंवा दुखलं तर थांबा, रेटू नका.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं किंवा वडिलांचं हे करायचं असेल, तर आधी दार लावा, कमरेपर्यंत चादर घाला आणि प्रत्येक वेळी सांगा: "आई, आता जरा गार लागेल हं. श्वास सोडा." न सांगता हात लावला की माणूस दचकतो, स्नायू आवळले जातात आणि दुखतं. त्यांना होणारा संकोच तर त्याहून वाईट. मला विचाराल तर ही दोन वाक्यं बोलणं हातमोज्याइतकंच गरजेचं आहे.

ठेवल्यावर दोन्ही कुल्ले जवळ दाबून धरा आणि काही मिनिटं तसंच पडून राहा. लगेच कळ आल्यासारखी वाटली तरी जमेल तितकं, शक्यतो पंधरा मिनिटं, थांबा. सपोझिटरी पूर्ण विरघळायला हवीच असं नाही. मग कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घ्या. म्हाताऱ्या माणसाला एकदम उठवू नका, चक्कर येऊ शकते. थोडी जळजळ किंवा किंचित मुरडा चालतो.

तासाभरात काही झालं नाही तर दुसरी ठेवू नका. दिवसातून एकच, आणि सांगितल्याशिवाय आठवड्यापेक्षा जास्त दिवस नाही. वारंवार गरज पडत असेल तर कारण शोधायला हवं. लोहाच्या गोळ्या आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं यांनी पोट घट्ट होतं. आपल्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका. इसबगोल घेत असाल तर ग्लासभर पाण्याबरोबरच घ्या.

अंथरुणावरच्या रुग्णाला बरेच दिवस शौच नाही आणि अचानक डायपरमध्ये पातळ पाणी झिरपू लागलं, तर तो जुलाब समजून औषध देऊ नका. आत मळाचा कडक गोळा अडकला असेल, तर त्याच्या कडेने असं पाणी येतं. त्याच दिवशी डॉक्टरांना घरी बोलवा किंवा रुग्णाला दवाखान्यात न्या. सोबत पोट फुगलं असेल, उलट्या होत असतील तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स मागवा.