सोलापूरहून राधानगरीच्या धबधब्यांकडे: तंबूतील मुक्काम आणि पदभ्रमंतीची तयारी

सोलापुरात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीत तो सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि आपला जिल्हा पर्जन्यछायेत राहतो. त्यामुळे सदाहरित जंगलातील धबधबे पाहण्यास निघणाऱ्या सोलापूरकराने चढणीच्या सरावाआधी वाहत्या पाण्याची रीत समजून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या सहलीसाठी मी राधानगरीचा परिसर सुचवेन. मंगळवेढा, सांगोला, मिरजमार्गे कोल्हापूर आणि तेथून सुमारे ५० ते ५५ किलोमीटरवर राधानगरी असा सरळ रस्ता आहे. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरात असले, तरी दाट धुक्यात समोरचा कडा दिसत नाही. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरकडे येणारे रस्ते अनेक दिवस बंद होते, हे विसरू नये. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम, कारण तेव्हा प्रवाह अजून जोरात असतात, पाऊस उसंत देतो आणि सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, रानफुले बहरलेली असतात.

राधानगरीचे अभयारण्य १९५८ मध्ये गव्यांच्या संरक्षणासाठी दाजीपूर येथे सुरू झाले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या पश्चिम घाटातील स्थळांमध्ये त्याचा समावेश आहे. तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही आणि पावसाळ्यात दाजीपूरचे जंगल पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते. म्हणून निघण्यापूर्वी वन कार्यालयात चौकशी करावी आणि मिळालेले उत्तर आपल्या सोयीचे नसले तरी मानावे. तंबू जंगलात न ठोकता काठावरच्या गावात, शेतमालकाची संमती घेऊन, त्याच्या माळावर ठोकावा. राऊतवाडीचा प्रसिद्ध धबधबा याच परिसरात असल्याने पहिला दिवस त्यासाठी ठेवता येतो.

तंबूच्या जागेची निवड हा या सहलीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. ओढ्याकाठची सपाट, वाळूची जागा मोहात पाडते. पण ती वाळू पुरानेच आणून टाकलेली असते. आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या पाणलोटात ढग कोसळला, तर पाणी काही मिनिटांत वाढते. नितळ पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणे, प्रवाहाचा आवाज जड होणे, यांपैकी एकही खूण दिसताच सामानाचा विचार न करता उंच जागी जावे. लोणावळ्यात भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली, तीही असेच पाणी वाढल्यामुळे. राधानगरीत आणखी एक काळजी आवश्यक आहे. तेथील धरणाचे दरवाजे स्वयंचलित असून पाण्याची पातळी वाढली की ते आपोआप उघडतात; म्हणून धरणाखालच्या भोगावतीच्या पात्रात, ते कितीही शांत दिसले तरी, मुक्काम करू नये.

धबधब्याच्या थेट खाली उभे राहणे टाळावे, कारण वरून पाण्याबरोबर दगडही येतात. शेवाळलेल्या कातळावर खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूटसुद्धा घसरतात, त्यामुळे प्रत्येक पाऊल आधी तोलून मगच त्यावर भार द्यावा. गुडघ्यापेक्षा खोल आणि वेगवान पाणी ओलांडू नये. परतीची वाट लांबली तरी चालेल.

सामानात सोलापुरी चादर नेण्याचा मोह आवरावा. ती सुती असल्याने पाणी शोषते, जड होते आणि त्या दमट हवेत वाळत नाही. कपडे कृत्रिम धाग्याचे असावेत आणि झोपण्यासाठीचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा, तो दिवसा कितीही थंडी वाजली तरी काढू नये. तंबू दुहेरी आवरणाचा घ्यावा आणि खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा थोडा लहान असावा, नाहीतर बाहेर आलेल्या कडेवर पाऊस साचून तेच पाणी अंथरुणाखाली शिरते. शिदोरीच्या बाबतीत मात्र आपले सोलापूर खरोखर समृद्ध आहे: कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांना चूल लागत नाही. मात्र भाकरी हवाबंद डब्यात न्यावी, कारण उघडी राहिली तर ती एका रात्रीत मऊ पडते.

जळवांची भीती बाळगण्याचे कारण नाही, तयारी मात्र हवी. विजारीचे पाय लांब मोज्यांत खोचावेत आणि थोड्या थोड्या वेळाने पाय तपासावेत. लागलेली जळू ओढू नये, तिच्यावर मीठही टाकू नये, कारण ती जखमेत ओकते व संसर्गाची शक्यता वाढते. नख त्वचेलगत सरकवून तिचे तोंड सोडवावे. तिच्या लाळेतील द्रव्य रक्त गोठू देत नाही, त्यामुळे रक्त बराच वेळ वाहिले तरी घाबरू नये. जखम धुऊन पट्टीने दाबून धरावी. आधारासाठी फांदी पकडण्यापूर्वी ती नीट पाहावी, कारण हिरवा चापडा हा विषारी साप पानांत सहज लपतो. सर्पदंश झाल्यास जखम कापणे वा चोखणे असे काहीही करू नये, दंश झालेला अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

गवे संध्याकाळी आणि पहाटे चरायला बाहेर पडतात, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी परतावे. दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे आपली वाट, परतण्याची वेळ आणि मुक्कामाच्या गावाचे नाव घरी लिहून ठेवावे आणि ठरलेल्या वेळेपर्यंत फोन न आल्यास ११२ वर कळवण्यास घरच्यांना सांगून निघावे.