नव्या संगीतकाराला नावं ठेवण्याआधी

बाँडपटाला नवा संगीतकार मिळाला की सदाशिव पेठेतल्या आमच्या अमृततुल्यावर दोन तट पडतात. मीही भांडतो, पण हल्ली आधी नीट ऐकून.

थिएटरातून बाहेर पडताच मत देऊ नका. तिथे गोळीबार, गाड्या आणि शेजारच्याचे पॉपकॉर्न. घरी हेडफोन लावून नुसतं पार्श्वसंगीत ऐका. शीर्षकगीत बाजूला ठेवा, ते पुष्कळदा दुसऱ्याच कुणाचं असतं.

मग जुनी खूण शोधा. १९६२ च्या पहिल्या चित्रपटातली माँटी नॉर्मनची धून, जॉन बॅरीने सजवलेली, विक फ्लिकने गिटारवर वाजवलेली. ती नव्या चित्रपटात कुठे येते, अख्खी की नुसते चार सूर, कोणत्या वाद्यावर, हे मिनिटासकट वहीत टिपा. माझी शंभरपानी वही यातच भरली. (बायको म्हणते, बारावीला एवढं लिहिलं असतंस तर!)

श्रेयनामावलीही वाचा. एरिक सेराने १९९५ च्या 'गोल्डनआय'ला दिलेलं संगीत मी वर्षानुवर्षं झोडपलं. थंडगार, यंत्रासारखं. रणगाड्याच्या पाठलागाचं तेवढं आवडायचं, कारण तिथे जुनी धून दणक्यात येते. पुढे कळलं, तो तुकडा जॉन ऑल्टमनचा! म्हणजे माझा कान बरोबर होता, पण 'सेराला एवढं तरी जमलं' म्हणून मी जो उदारपणा दाखवायचो, तो फुकट गेला.

वादाला जाताना वही न्या आणि सुटे पैसेही. आमच्याकडे हरणारा चहा पाजतो.